ठोंब्याची गोळी

किल्लीवाले दादा हरवलेली किल्ली पाच मिनिटांत नवी घासून देत, पण स्वतःचं काही दुसऱ्याला द्यायचं म्हटलं की त्यांचा हात आखडे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आपण उठलोच नाही तर ठोंब्याचं काय, हा एकच घोर. ठोंब्या म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. त्याला फिट्स येत, म्हणून रोज सकाळची गोळी चुकवून चालत नसे.

सांभाळणारा एकच होता, धाकटा भाऊ. तिथेच तर दादांच्या पोटात दुखत होतं. आई गेली तीसुद्धा धाकट्याचा हात धरून. आणि आता तो दारात आला की ठोंब्याही दादांना ओलांडून त्याच्याकडे धावायचा. खाऊपिऊ घालणारा राहिला बाजूला, आणि लाडका भलताच!

तरी दादांनी कागद केला. जेवण, फिरणं, डॉक्टरांचा नंबर, सगळं लिहिलं, एक गोष्ट सोडून. हातानं दिलेली गोळी ठोंब्या थुंकून टाकी. चोरलेली मात्र गिळून मोकळा होई. म्हणून दादा ती पावाच्या तुकड्यात दडवून टेबलाच्या कडेला ठेवत आणि पाठ फिरवून किल्लीवर कानस चालवत बसत. ही युक्ती त्यांनी लिहिली नाही. येऊ दे धाकट्याला विचारायला, नाक मुठीत धरून!

सराव म्हणून ठोंब्याला तीन दिवस धाकट्याकडे ठेवलं. धाकटा काही विचारायला आला नाही. ऑपरेशनच्या तोंडावर दादाला कशाला त्रास, म्हणून तो गप्प बसला. चौथ्या दिवशी दादा गेले, तर ठोंब्या फरशीवर आडवा, अजून थरथरत होता. धाकट्याच्या मनगटावर गोळी भरवताना उमटलेले दातांचे वळ होते. कोचाखाली थुंकलेल्या तीन गोळ्या सापडल्या.

"माझंच चुकलं, दादा," धाकटा रडवेला झाला.

"तुझं नाही." दादा म्हणाले. "मी मुद्दाम लिहिलं नाही. तुला जमू नये म्हणून."

"त्याच्या जिवावर बेतलं असतं की रे!"

दादा ठोंब्याशेजारी फरशीवर बसले. ठोंब्या भानावर येऊन उठून बसला, तेव्हा त्यांनी युक्ती सांगितली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभे राहिले. "मी नसताना घेतो का, तेच बघायचंय."

आत फरशीवर नखं वाजली. मग मचमच.

"घेतली!" धाकटा ओरडला.

दादा भिंतीला टेकले. "मेल्या," ते डोळे पुसत पुटपुटले, "एक दिवस तरी माझ्यासाठी अडून बसायचं होतंस."