लिनक्सवरची मुक्कामी गाडी

लिनक्सवर खेळण्याजोगे गेम कोणते, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. तरी मी सांगत आलोय. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो, आणि डबा उघडून बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. मेहुण्याच्या लॅपटॉपवरचं विंडोज न विचारता पुसून मी त्याजागी फुकटातलं लिनक्स बसवलं, तेव्हापासून तो दिवाळीला फोनवरच भेटतो. साडूला एका लग्नात, हातात अक्षता असताना, तीन गेमची नावं सांगितली. त्यानं अक्षता माझ्याच डोक्यावर टाकल्या. माझ्या मते चांगली गोष्ट फुकट मिळाली की लोकांना संशय येतो. बायकोच्या मते लोकांना माझाच संशय येतो.

मग आई गेली, आणि कळवणजवळच्या घरात नाना एकटे उरले. नाना म्हणजे माझे वडील. बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता सुटणार आणि तिच्यावर कोण जाणार, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी त्यांना नाशिकला आमच्या फ्लॅटवर आणलं. "महिनाभर बघतो, मग जातो," असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. ते जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं. यात पितृसेवा वगैरे काही नव्हती. आईनंतर मला रागावू शकणारं एवढंच माणूस शिल्लक होतं.

नाना बाल्कनीत बसायचे. खालून सिटी बस गेली की घड्याळ बघून "उशीर" म्हणायचे. पहिले बारा दिवस आमच्यात तेवढंच संभाषण झालं. तेव्हा मला जे एकच औषध येतं ते मी काढलं. जुना लॅपटॉप पुसला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

सुरुवात गाड्यांच्या शर्यतीनं केली. सुपरटक्सकार्ट, एक पेंग्विन गाडी चालवतो, रंगीत आहे, कुणालाही आवडेल. नानांनी पहिल्याच वळणावर गाडी कडेला घेतली आणि मागच्या सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. "एवढी घाई करून उतरणारेत कुठं हे?" त्यांनी विचारलं. मग मी बॅटल फॉर वेसनॉथ लावून दिला. लढाईचा गेम, पण आपली पाळी येईपर्यंत कुणी हलत नाही. ती शिस्त त्यांना पटली. फक्त आपला एकही सैनिक त्यांनी किल्ल्याबाहेर पाठवला नाही. सगळ्यांची सुट्टी मंजूर केल्यासारखे ते शांत बसून राहिले आणि हरले.

तिसरा होता ओपनटीटीडी. यात गावं असतात, त्यांच्यात रस्ते बांधायचे, गाड्या सोडायच्या आणि नफा कमवायचा. हा मी आधीच का नाही काढला, असं बायकोनं विचारलं. मी म्हणालो, क्रमानं जायचं होतं. खरं म्हणजे मला सुचलंच नव्हतं.

नानांनी चष्मा बदलला. पहिल्या दिवशी त्यांनी एकही गाडी सोडली नाही, नुसते रस्ते पाहिले. दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून सगळ्या गावांची इंग्रजी नावं बदलून घेतली. एक कळवण झालं, एक सिन्नर, एक लासलगाव. चहाला उठताना ते गेम थांबवायचे, कारण नियंत्रक जागेवर नसताना गाडी हलली तर जबाबदारी कुणाची? जेवताना ते बोलायला लागले. "लासलगावला आज लय गर्दी हाय," असं म्हणून त्यांनी दुसरी भाकरी मागितली, आणि बायकोनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. लग्नानंतर हे प्रथमच घडत होतं.

महिना संपत आला तरी जाण्याचा विषय निघेना. मी मनातल्या मनात मांडे खात होतो. आणि मग मी शहाणपणा केला.

नकाशाच्या कोपऱ्यात, डोंगरापाशी, पाच-सहा घरांचं एक गाव होतं. त्याला नानांनी माझ्या आजोळचं नाव दिलं होतं. तिथे ते एकच गाडी पाठवायचे. ती शेवटच्या थांब्यावर जाऊन गेममधले चांगले पंधरा दिवस, म्हणजे आपलं अर्धं मिनिट, उभी राहायची आणि मग दोन माणसं घेऊन परत यायची. गेम दर वर्षी बजावायचा की ही गाडी तोट्यात आहे. नाना ती सूचना वाचून बंद करायचे. एका शनिवारी ते भाजी आणायला गेले असताना मी ती गाडी डेपोत आणून विकून टाकली, वरचा थांबाही मोडला आणि गेम साठवून ठेवला. त्यांना आनंद होईल असं मला खरंच वाटलं.

परत आल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि लॅपटॉप उघडला.

"मुक्कामी कोणी बंद केली?"

मुक्कामी म्हणजे संध्याकाळी आडगावात जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि सकाळी शाळेची पोरं, दुधाचे कॅन आणि दवाखान्याची माणसं घेऊन तालुक्याला येणारी गाडी. मी म्हणालो, "नाना, ती रिकामी फिरत होती."

"मी बी हेच लिहिलं होतं," नाना म्हणाले. "तुझ्या आईच्या गावची मुक्कामी. चार माणसं बसत्यात, बंद करावी, असं माझ्याच हातानं लिहून दिलं. झाली बंद. मग तुझी आई माहेरी जाताना फाट्यावर उतरून चालत जायची. तू कडेवर असायचा. एका शब्दानं बोलली नाय."

त्यांनी लॅपटॉप मिटला. "सोमवारी जातो," म्हणाले.

गेम अधूनमधून आपोआप जुनी प्रत ठेवतो. शुक्रवारची सापडली. गाडी होती, थांबा होता. रविवारी सकाळी मी ती त्यांच्यापुढे उघडून ठेवली. मुक्कामी डोंगरापाशी जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "हे आपल्या घरी चालंल का? तिकडं नेट नाय."

त्या गेमला नेट लागत नव्हतं. कळवणच काय, सप्तशृंगीच्या गडावरही तो बिनबोभाट चालला असता.

"नाही चालणार," मी म्हणालो. "तिकडे नाही चालत हे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. फेरी टाळायची असली की इंजिन तापतंय म्हणणारे ड्रायव्हर त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याइतकीही अक्कल मला सुचली नाही.

"नाय चालत म्हणतोस," ते म्हणाले. "मग सोमवारचं ऱ्हाऊ दे."