पट्टीकाकांचा आकडा

पट्टीकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला टाच लावून उभे राहत. मग चवड्याला टाच जोडत, ओठांत पुटपुटत समोरच्या भिंतीपर्यंत चालत आणि चहा यायच्या आत त्या घराला घरपट्टी किती येईल ते सांगत. वास्तुशांत असो, बारसं असो, त्यांना फरक पडत नसे. शेजारच्या इमारतीत एका गृहस्थांचं बारावं होतं, तेव्हाही त्यांनी हॉल मोजला. "बाल्कनी आत घेतलीय यांनी. पट्टी वाढणार," ते माझ्या कानाशी म्हणाले. गृहस्थांची पत्नी चार हातांवर बसली होती. तिने ऐकलं असावं.

ते मुंबईच्या एका खाजगी कंपनीत हिशेब खात्यात होते. निवृत्तीनंतर वसई रोडला, उमेळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत राहायला आले. महापालिकेशी त्यांचा संबंध इतरांइतकाच, म्हणजे पट्टी भरण्यापुरता. बोलताना मात्र ते "आपल्या खात्यात" असं म्हणत. प्रभाग कार्यालयातले लोक त्यांना येताना पाहून जेवायला उठत. काका हा आदर समजत.

बिल कसं काढतात ते त्यांना खरोखर कळत होतं, आणि ते समजावूनही देत. घराचं क्षेत्रफळ घ्यायचं, परिसर आणि बांधकामाचा प्रकार पाहून ठरलेल्या दराने गुणायचं, म्हणजे वर्षाचं भाडं किती मानलंय ते निघतं. दुरुस्तीसाठी त्यातला दहावा हिस्सा वजा. उरलं ते करयोग्य मूल्य. त्यावर सगळे कर टक्क्यांनी बसतात. "यात अवघड काय आहे?" ते विचारत. "मेथीची जुडी घेताना उलटून बघता. आणि स्वतःच्या घराचं बिल तसंच कपाटात?" आमच्या मजल्यावरच्या एक बाई घरी शिकवण्या घेत, म्हणून त्यांना दुकानाच्या दराने आकारणी लागली होती. काका त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहिले आणि ती बदलून घेतली. मोबदल्यात चहाखेरीज काही घेतलं नाही. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. मग वर्षभर ही हकीकत त्यांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि त्या बाईंच्या विद्यार्थ्यांनाही सांगितली, हेही.

न बोलावता जाण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. जवळच्या गास गावात एका शेतकऱ्याकडे आम्ही वांगी आणायला गेलो होतो. काकांनी त्याचं घर, पडवी आणि अवजारांची खोली मोजून काढली आणि पडवीची वेगळी आकारणी होऊ शकते असं त्याला सांगितलं. म्हाताऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. "मोजून झालं असंल तर पानी घ्या," तो म्हणाला, "आनि कोनाला सांगू नका."

बिल हातात आलं की काका ते 'एकूण' या ओळीखाली दुमडत. खालचा भाग ते वाचत नसत. "खाली उपदेश छापतात," ते म्हणत. "उपदेशाला पैसे पडत नाहीत, म्हणून तो वाचायचा नाही."

दळवी वहिनी आमच्या सोसायटीत डबे पोचवत. मूळच्या कोकणातल्या, राहत भाड्याने. यजमान वसई पूर्वेच्या कारखान्यात. त्यांनी नालासोपाऱ्याकडे एक तयार फ्लॅट पाहिला होता. भविष्यनिर्वाह निधी, दागिने आणि गावच्या जमिनीचा वाटा, असं सगळं मिळून पैसे जेमतेम जमत होते. बिल्डरच्या माणसाने शेजारच्या फ्लॅटच्या घरपट्टीच्या बिलाची प्रत दिली होती. ती घेऊन नवरा-बायको काकांकडे गेले. तेव्हा मी नव्हतो. पुढचं दळवींनी सांगितलेलं.

वहिनींनी विचारलं, "काका, घेऊ का हा फ्लॅट?"

काकांनी बिल दुमडलं. त्यात एक ओळ अनधिकृत बांधकामाच्या शास्तीच्या रकमेची होती. ती त्यांना दिसली. त्यांनी तीही बेरजेत धरली. वहिनींच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ विचारलं, आकडा काढला आणि म्हणाले, "शास्ती धरूनसुद्धा झेपेल तुम्हाला. घ्या बिनधास्त."

दळवींनी विचारलं, "पण ही शास्ती म्हणजे..."

"दंड. दरवर्षी भरायचा. अहो, महापालिका पट्टी घेते म्हणजे घर तिला मान्य आहे. नसतं तर घेतली असती का?"

विजेचं मीटर आणि घरपट्टीची पावती असली की घर पक्कं, ही समजूत या पट्ट्यात काकांनी आणलेली नाही. निम्मं शहर तिच्यावर उभं आहे. कर घेतला म्हणजे बांधकाम नियमित झालं असं नव्हे, हे बिलावरच छापलेलं होतं. 'एकूण'च्या खाली.

दळवींनी फ्लॅट घेतला, राहायला गेले, आणि पुढे ती इमारत पाडली गेली. आधी नोटिसा आल्या, मग पुढारी येऊन काही होणार नाही असं सांगून गेले, मग पोलीस आणि यंत्रं आली. वहिनींना गॅसची शेगडी, भांडी आणि पंखे बाहेर काढता आले. दळवी कुटुंब सांडोरला एका ओळखीच्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहू लागलं. डबे बंद करून चालणार नव्हतं. वहिनी येत राहिल्या.

एका सकाळी काका खाली बाकावर बसले होते. मी शेजारी होतो. वहिनी डब्यांच्या पिशव्या घेऊन आल्या, तसे काका सरसावले.

"वहिनी, बरं झालं भेटलात. पाडल्यानंतरची पट्टी तुम्हाला लागत नाही. अर्ज करायला हवा, नाहीतर बिल येतच राहील. मी मजकूर सांगतो."

वहिनींनी पिशव्या खाली ठेवल्या. "काका, मी तुम्हाला पट्टी किती येईल असं विचारलं होतं का?"

"म्हणजे?"

"मी विचारलं होतं, घेऊ का."

काकांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसला असं मी लिहू शकत नाही. दिसला तो हिशेब तपासणाऱ्याचा त्रास.

"पण आकडा चुकला होता का?"

वहिनींनी पिशव्या उचलल्या. "नाही, काका. रुपयाला रुपया बरोबर आला."

त्या जिना चढून गेल्या. काका माझ्याकडे वळले. ते खुलले होते.

मुलाकडे पुण्याला राहायला जाईपर्यंत ते बिलांच्या मोसमात त्या बाकावर बसत. कोणी नवखा शंकेने पाहू लागला की म्हणत, "विश्वास नसेल तर दळवी वहिनींना विचारा. रुपयाला रुपया." लोक मान डोलवत आणि आपापली बिलं पुढे करत.