परबकाकूंची वायर

बुधवारी सकाळी परबकाकू वारल्या. त्याच दुपारी आमच्या सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट सुरू झाला.

तोवर त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर दुसऱ्या मजल्यावरून चार्ज होत असे. भाजीवाल्यासाठी पिशवी सोडावी तशी काकू खिडकीतून वायर सोडत, मग खाली येऊन जोडत. जोगेश्वरीला त्यांची बहीण, शांतामावशी, अंथरुणाला खिळलेली. तिला आमच्या गोरेगावहून रोज दुपारचा डबा जायचा. एवढ्या जवळ यायला रिक्षावाले तयार नसत, म्हणून काकूंनी साठीनंतर स्कूटर घेतली.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझं नाव सुचवलं गेलं तेव्हा मी गप्प होतो, तो होकार धरला गेला. काकूंनी रीतसर पॉइंट मागितला. आग लागेल म्हणून अध्यक्ष कामतांनी नकार दिला. सभासदाला चार्जिंगची सोय करण्यापासून सोसायटीने अडवू नये, असं सरकारी धोरणात होतं. सभेत मी ते धोरण पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मुद्द्याच्या पानावर पोचेपर्यंत बटाटेवडे आले आणि सभा संपली.

"मास्तर, तू बरा वाचतंस," जिन्यात काकू म्हणाल्या, "पण लोकांका झोप येता." मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, मास्तर कधीच नव्हतो. पण चष्मा लावून वाचणारा प्रत्येक माणूस काकूंच्या लेखी मास्तर.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्कूटर उभी करायची जागा बदलली. वायर नेमकी कामतांच्या गाडीसमोरून जाऊ लागली. गाडी काढायची तर कामतांनी वाकून प्लग काढायचा आणि वर हाक मारायची, "काकू, वायर!" काकू म्हणत, "ओढतंय हां, घाई नको." मग विहिरीतून कळशी शेंदावी तशी त्या हात बदलत, थांबत, वायर वर घेत.

पुढच्या सभेत पॉइंटचा ठराव कामतांनीच मांडला. अनुमोदन द्यायला मी धोरणाची प्रत घेऊन उभा राहिलो. कामत घाईने म्हणाले, "सेक्रेटरी, वाचू नका. मंजूर आहे."

त्या बुधवारी काकू ओट्यापाशीच गेल्या. डबा भरून झाला होता. शांतामावशींना सांगायला कोणी तरी जायला हवं होतं आणि मी पुन्हा गप्प उभा होतो. रिक्षा मिळाली नाही. डबा घेऊन चालत गेलो. आधी काय द्यावं, डबा की बातमी, हे मी वाचलेल्या कुठल्याच पानावर नव्हतं. मी डबा पुढे केला. मावशींनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "ती खंय हा?"

काकूंच्या मुलीने स्कूटर मला दिली. मी ती अशी चालवतो की सायकलवाले पुढे जाऊन वळून बघतात. पोचेपर्यंत डब्यातली आमटी निवून जाते. मावशी विचारतात, "आजव चालत इलंस?"

वायर काकूंच्या खिडकीत गुंडाळलेली आहे. स्कूटर खाली पॉइंटवर असते. डबा मी नेतो.