विगवाल्या वहिनींची जाहिरात

गल्लीने वहिनींकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते बसमध्ये. मांडीवर एक मुंडकं घेऊन त्या त्याचे केस विंचरत होत्या. शेजारचा गृहस्थ आपला थांबा यायच्या आतच उतरून गेला. मुंडकं लाकडी होतं, केस मात्र खरे, आणि ते गिऱ्हाइकाकडे पोचवायचे होते. "गुंता घेऊन कुणाच्या दारात कसं जायचं?" असं त्यांनी कंडक्टरला शांतपणे सांगितलं. कंडक्टरने मुंडक्याचं तिकीट मागितलं नाही.

विग करणं हे चिकाटीचं काम. बारीक जाळीत आकड्याच्या सुईने एकेक केस ओवून गाठ मारायची. पूर्वी नाटक मंडळ्यांच्या दाढ्यामिशांवर वहिनींचं दुकान चालायचं. मंडळ्या थकल्या, आणि उरली ती आजारपणात केस गेलेली गिऱ्हाइकं. वहिनींच्या हाताला तोड नव्हती. पण अडचण अशी, की विग जितका चांगला तितका तो कुणाला कळत नाही, आणि ज्याने घातलाय तो मेला तरी सांगत नाही. वहिनीही पक्क्या. रस्त्यात गिऱ्हाईक समोर आलं तर ओळखसुद्धा दाखवायच्या नाहीत.

"अशाने दुकानाला कुलूप लागेल, वहिनी," नणंद म्हणाली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातली सगळी यंत्रं तिच्या ताब्यात होती. "फोनवर दुकानाचं पान उघडू, जाहिरात देऊ."

"द्या वन्सं. तुमच्यापुढे कुणाचं चाललंय?"

नणंदेने झोकात लिहिलं, 'तुमचे केस गळताहेत का?' ती पानं चालवणाऱ्या कंपनीने जाहिरात नाकारली. असा प्रश्न म्हणजे माणसाच्या खासगी गोष्टीला हात घालणं, ते आमच्या धोरणात बसत नाही, असं उत्तर आलं. वहिनी हरखल्या. "बघा, एवढी मोठी कंपनी, पण माणसाला किती जपते!" त्यांचा त्या कंपनीवर तिथेच विश्वास बसला.

मग 'मापाप्रमाणे विग करून मिळतील' एवढंच लिहिलं, ते मंजूर झालं. नणंद येईल त्या गिऱ्हाइकाला गळ घालू लागली, "आमच्या पानावर तेवढा पसंतीचा अंगठा द्या हो." बाकीच्यांनी हो हो म्हणत वेळ मारून नेली. वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई तेवढ्या भिडस्त. त्यांनी दिला.

काही दिवसांनी बाईंचा दुकानात फोन आला. "माझ्या जावेच्या फोनवर तुमची जाहिरात आलीय. वर माझं नाव, माझा फोटो, आणि लिहिलंय, यांना हे विगचं दुकान आवडतं."

वहिनींनी हातातली सुई खाली ठेवली. बाईंच्या आजारपणाचा सासरी कुणाला पत्ता नव्हता. आपल्या भरवशावर बिनधास्त राहिलेलं माणूस, आणि आपल्याच दुकानाने त्याला उघडं पाडलं!

नणंदेने जाहिरात थांबवली, अंगठे काढून टाकले, कंपनीला तक्रार धाडली. उत्तर आलं: जाहिरात धोरणात बसते. ओळखीच्या माणसाची पसंती दिसली की लोकांचा विश्वास वाढतो.

"विश्वास वाढतो म्हणे!" वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "केस गळतात का म्हणून विचारायचं नाही, आणि कुणाचे गळले ते गावभर सांगायचं. ही कुठली रीत?"

"चूक माझी, वहिनी. अंगठा मीच मागितला."

"तुम्ही अंगठा मागितलात वन्सं, दवंडी नव्हती मागितली," म्हणत वहिनींनी चपला घातल्या आणि तडक वाचनालय गाठलं.

त्यांनी तोंड उघडायच्या आत ग्रंथपाल बाईंनी त्यांना कपाटाआड ओढलं. "जाऊबाईंना काय सांगितलं माहितीये? म्हटलं, वाचनालयाचं नाटक बसवतोय, त्यासाठी मिशा हव्यात."

"आणि त्यांना पटलं?"

"पटलं? त्यांना सेनापतीचं काम हवंय! आता नाटक बसवणं आलं."

वहिनींना हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागले. "मी ते पान बंदच करते, बाई. तुमच्यापेक्षा दुकान मोठं नाही."

"बंद कशाला? पानावर मिशा लावा. मिशी आवडते म्हणायला कुणाला लाज वाटेल? ज्याला विग हवाय, तो बरोबर माग काढत येईल."

नणंदेने स्वतःच झुपकेदार मिशी लावून फोटो काढला. कंपनीने तो एका दमात मंजूर केला. वाचनालयाचं नाटक झालं. सेनापतीची मिशी दुसऱ्या अंकात ओठावरून घसरली तरी जाऊबाईंनी ती हाताने धरून लढाई जिंकली. पानावर अंगठ्यांचा पाऊस पडला. आता दुकानात लोक मिशा बघायला येतात, आणि त्यातलं एखादं माणूस मिशा बघून झाल्या तरी घुटमळत राहतं. वहिनी त्याला काही विचारत नाहीत. मापाची पट्टी काढतात आणि आतल्या खोलीत खुर्ची पुढे करतात.

हल्ली त्या सकाळी मिशा करतात आणि दुपारी विग. ग्रंथपाल बाईंचा विग महिन्यातून एकदा धुवायला असतो, तो वहिनी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.