एसटीच्या कवितेतली जीप

डिंभ्याच्या थांब्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास आला, की मला रशीदभाऊ आठवतात. जुन्नरचे बांगडीवाले, माझ्यासारखेच हौशी कवी. एके दिवशी आम्ही दोघं संध्याकाळच्या कविसंमेलनाला निघालो होतो आणि इथंच एसटीची वाट बघत बसलो होतो. न येणाऱ्या एसटीवरची नवी कविता त्यांनी तिथंच म्हणून दाखवली. तिच्यात घोरणारी आजी होती, घड्याळाला शिव्या देणारे मास्तर होते. अख्खा थांबा पोट धरून हसला.

"कशी वाटली, ताई?"

"लई झ्याक. पण भाऊ, तुमी हसलात वाट बघणाऱ्यांना. आमी तर रोजच हसतो सोतावर. ज्यांच्यामुळं गाडी येत न्हाई, ते कुठं हायेत यात?"

"ते डेपोचे साहेब तर आज संमेलनाचे अध्यक्ष हायेत!"

"मग तर पाहिजेतच."

बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन, तिच्यावर कागद ठेवून ते काही खरडू लागले. एसटी आलीच नाही; एका टेम्पोनं आम्ही संमेलन गाठलं, आणि माइकवर त्यांच्या कवितेच्या शेवटी दोन नव्या ओळी आल्या:

काचा चढवून साहेबांची जीप गेली,
तिच्या धुळीनंच आम्हाला ओळख दिली!

मांडव दणाणला. अध्यक्ष उठून गेले.

त्या ओळी माझ्या बोलण्यावरून आल्या हे कळल्यावर, बाईनं चांगल्या कवितेचं वाटोळं केलं, असं लोक म्हणाले. तेव्हा ते लागायचं. आता वाटतं, कविता त्या दोन ओळींपासूनच सुरू झाली होती.

संमेलनाचं बोलावणं आम्हाला पुन्हा आलं नाही. न येऊ दे. एसटी तरी कुठं आलीय? म्हणून काय आम्ही तोंड मिटून बसायचं?