जोडीचं मूल

"तुझ्या जोडीचं कोण?"

समोर आलेल्या मुलाला काकांचा पहिला प्रश्न हा असायचा. नाव नंतर, गाव नंतर, काय केलंस ते तर सगळ्यात शेवटी. आणि हा प्रश्न खुर्चीत बसून नाही, मुलाशेजारी फरशीवर मांडी घालून. त्यामुळे त्यांची पँट कायम मळलेली असे, आणि मांडीवरची फाइलही.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या बाल न्यायालयात टायपिस्ट होते आणि सगळे ज्यांना काका म्हणत ते तिथले परिविक्षा अधिकारी. म्हणजे मुलाच्या घरी जायचं, आईबापांना, शेजाऱ्यांना, गुरुजींना भेटायचं आणि हे मूल कसं आहे, किती वर्षांचं आहे याचा अहवाल न्यायाधीशांपुढे ठेवायचा. असले अहवाल टेबलावरच तयार करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका मात्र जीपच्या मागच्या फळीवर बसून घाट चढायचे, वाटेत हमखास ओकायचे आणि परतल्यावर उतरलेल्या चेहऱ्याने पण खुशीत सांगायचे, "सापडलं हो बाई, जोडीचं!"

जोडीचं म्हणजे त्याच सुमारास जन्मलेलं मूल. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गुरुजी पोराकडे एकदा बघतात आणि वर्ष टाकून मोकळे होतात. काकांचा त्या दाखल्यावर काडीचा विश्वास नव्हता. आईला तारीख सांगता येत नाही, पण आपल्याबरोबर कोण बाळंत झाली हे ती विसरत नाही. मग काका त्या दुसरीचं घर गाठायचे. तिला आरोग्य केंद्रात नेलेलं असलं की तिथल्या वहीत तारीख मिळायची.

त्यांचं अक्षर इतकं वाईट होतं, की एकदा न्यायाधीशांनी त्यांचा अर्ज उलटा धरून वाचायचा प्रयत्न केला. "माझ्या अक्षराला जामीन नाही," असं म्हणत ते सगळे कागद माझ्या टेबलावर आणून टाकत. मी कुरकुरायचे आणि टाइप करायचे.

एकच अहवाल मी टाइप करायला नकार दिला.

द्राक्षकाढणीचे दिवस होते. दिंडोरीकडच्या एका बागेत सुरगाण्याचं एक कुटुंब कामाला आलेलं. हंगामापुरती आश्रमशाळेतून आणलेल्या त्यांच्या लहान मुलीकडे मालकाचा आठ महिन्यांचा नातू सांभाळायला दिला होता. बाळ रडायचं थांबेना. मुलीने त्याला फवारणीच्या पाण्याच्या हौदात टाकलं. माणसं धावली तोवर सगळं संपलं होतं. आश्रमशाळेच्या दाखल्यावर मुलीचं वय नऊ होतं, आणि पोलिसांनी खुनाचं कलम लावलं होतं.

माझा मुलगाही तेव्हा आठ महिन्यांचा होता. मी फाइल परत केली. "माझ्याच्याने हे होणार नाही. आणि खरं सांगू का, अशा पोरीला सोडूही नये."

काका चिडले नाहीत. "राहू द्या बाई," म्हणाले, आणि स्वतः एका बोटाने टाइप करायला बसले. अर्ध्या तासात चार ओळी आणि तीन ठिकाणी 'न्यालय'. मला ते बघवेना. कागद ओढून घेतला आणि म्हटलं, "सरका." अशा रीतीने त्यांचं आणि मुलीचं बोलणं मला वाचावं लागलं.

"बाळाला पाण्यात कोणी टाकलं?"

"म्या."

"का गं?"

"लय रडत व्हता."

"मग?"

"मंग गप झाला."

"आता कुठंय तो?"

"दवाखान्यात नेला. बरा झाला का?"

"नाही बाळा. तो मेला. आता तो नाही."

"मंग कवा येल?"

माझी बोटं थांबली. काका खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून घडलेल्याला आपला कायदा गुन्हा मानत नाही. सात ते बारामधलं मूल असेल, तर त्याला समज होती का हे बघतात. सगळं वयावर येऊन ठेपलं होतं. काका सुरगाण्याला गेले. मुलीच्या आईने जोडीचं मूल सांगितलं, शेजारच्या पाड्यावरचा एक मुलगा. आरोग्य केंद्राच्या वहीप्रमाणे तो साडेसहा वर्षांचा होता, आणि ही त्याच्यानंतर चार दिवसांनी झालेली. लहान पोर वसतिगृहात घेत नाहीत, म्हणून बापाच्या विनवणीवरून गुरुजींनी वय वाढवलं होतं. निदान दोन वेळा जेवेल, एवढाच हेतू. "माझी नोकरी जाईल ओ," म्हणत गुरुजींनी शेवटी जबाबावर सही केली.

सुनावणीच्या दिवशी बाळाची आई व्हरांड्यात काकांपुढे उभी राहिली. "माझं लेकरू गेलं, अन् तुम्ही तिच्या वयाचे पुरावे गोळा करत फिरता?"

काका हात जोडून उभे राहिले. "खरंय ताई तुमचं," एवढंच म्हणाले. ती बोलून बोलून थकेपर्यंत जागचे हलले नाहीत. मला त्या बाईचीच बाजू घ्यावीशी वाटत होती. आजही वाटते.

मुलगी बापाच्या ताब्यात गेली. सुटली एकदाची, असं मी म्हणाले.

"कुठली सुटतेय? एक दिवस तिला कळेल, बाई. त्या दिवशी जवळ कोणीतरी पाहिजे."

मग दरवर्षी भातकापणी झाली की काका सुरगाण्याला जायचे. निवृत्त झाले तरी जायचे, पदरचं भाडं भरून. परत आले की ऑफिसात डोकावून सांगायचे, "अजून विचारते, बाळ कवा येल."

पाचव्या वर्षी कापणीच्या आधीच काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. मला त्यांचा राग आला होता. माणूस गेल्यावर असाही राग येतो.

कापणी उलटून महिना झाला असेल. एका दुपारी सुरगाण्याचा तो बाप मुलीला घेऊन ऑफिसच्या दारात उभा. ती अकरा-एक वर्षांची झाली होती, हाडकुळी, तेल लावून चप्प बसवलेले केस.

"काका आलं नाय यंदा," बाप म्हणाला. "ही आठ दिस जेवंना. काकाकडं न्या, म्हंती."

काका वारले, हे मी सांगितलं. बापाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्या ताईचं पोर गेलं," ती म्हणाली. "मातीत ठेवलं. मी रोज जाऊन बघते. येत नाय ते."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"ते बाळबी तसंच ना?"

"हो."

"म्या केलं ना ते?"

काका असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. मला खोटं सुचलं नाही आणि खरं पुरं बोलवलं नाही. मी नुसती मान हलवली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला. मी त्याला हातानेच परत पाठवलं, खुर्ची मागे सारली आणि तिच्याजवळ फरशीवर बसले. ती माझ्या मांडीत शिरली. सुरगाण्याची शेवटची गाडी किती वाजता, असं बापाने एकदा विचारलं, आणि मग तोही खाली बसला.