सोमाभाऊंचा दगड

मित्रांनो, चंद्रपूरच्या दवाखान्यात बसून हे लिहितो आहे.

जिवतीच्या डोंगरातल्या गोंडराजांच्या पडक्या किल्ल्याची आमची तीन दिवसांची पायी सफर आज संपली. वाटाडे होते सोमाभाऊ. निघताना पायथ्याच्या देवापाशी त्यांनी प्रत्येकाला एक दगड ठेवायला लावला, स्वतःही ठेवला. परतल्यावर ज्याचा त्यानेच उचलायचा, अशी तिथली रीत; दगड जागेवर असेल तर माणूस परततोच, असं मानतात.

आज सकाळी अर्ध्या उतारावर लक्षात आलं, माझी जपमाळ किल्ल्यावरच राहिली. मी हळहळलो.

"देवाची वस्तू जंगलात काऊन सोडायची? बसा इथी," सोमाभाऊ हसले. "तुमच्याहून तुमचा देवच हुशार, वरच थांबला!"

माळ आणायला ते एकटेच परत वर गेले. तासभर झाला तरी आले नाहीत. आम्ही परत चढलो. ते ढासळलेल्या तटाखाली बेशुद्ध पडले होते. मुठीत माळ होती.

झोळी करून त्यांना खाली आणलं. पायथ्याशी आम्ही आपापले दगड उचलले. त्यांचा तिथेच राहिला.

डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. माळ खिशात आहे, पण नाम घ्यायला जीभ वळत नाही.

मघाशी त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, "त्यायचा दगड कोणी उचलला तं नाई ना?"

तुम्ही कोणी त्या वाटेने गेलात, तर त्या दगडाला कृपा करून हात लावू नका.